संगणकीय छेदचित्रण

संगणकीय छेदचित्रण : शरीराच्या एखाद्या भागातून निरनिराळ्या दिशांनी क्ष-किरणांच्या अरुंद शलाका पाठवून, त्या पलीकडे किती प्रमाणात पोहोचल्या याची मोजमापे घेऊन आणि त्या मोजमापांवर संगणकाच्या साहाय्याने गणितीय संस्करण करून त्या भागाच्या आडव्या छेदाची प्रतिमा मिळविण्याच्या तंत्रास संगणकीय छेदचित्रण असे म्हणतात. व्यवहारात हे तंत्र ‘सीटी स्कॅन’ या नावाने ओळखले जाते. नेहमीचे क्ष-किरण छायाचित्र ही शरीराची फिल्मवर पडलेली सावली असते. छेदचित्र ही सावली नसून गणनेने मिळविलेली प्रतिमा असते. या एका फरकामुळे कवटी न उघडता जिवंत मेंदूची अंतर्रचना प्रत्यक्ष पाहणे १९७१ मध्ये प्रथम शक्य झाले. या तंत्राला लागणारे गणित १९१७ मध्येच सिद्ध झालेले होते आणि क्ष-किरण तर त्याहूनही जुने होते. ही अंगे एकत्र येण्यास अर्धे शतक का लागले, हा या तंत्राच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

क्ष-किरण छायाचित्राची मर्यादा : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन (१८४५–१९२३) यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही महिन्यांतच अस्थिभंग व शरीरात रुतलेले धातूचे तुकडे शोधण्यासाठी या किरणांचा उपयोग होऊ लागला. परंतु या पद्धतीत तीन मिती असलेले शरीर दोन मितींच्या पृष्ठभागावर उतरते. किरणाच्या वाटेत पुढेमागे असलेली सर्व इंद्रिये एकमेकांवर आरोपित होतात आणि फिल्मवरील प्रत्येक बिंदूचा काळेपणा हा त्या संपूर्ण वाटेवरील शोषणाची केवळ एकूण बेरीज दाखवितो. शिवाय स्नायू, यकृत, रक्त व मेंदू यांसारख्या मऊ ऊतकांच्या क्ष-किरण शोषणात अत्यल्प फरक असल्याने फिल्मवर ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत.

यांपैकी पहिल्या अडचणीवर १९२० ते १९४० या काळात एक यांत्रिक उपाय शोधण्यात आला. फ्रान्समध्ये आंद्रे बोकाझ, इटलीमध्ये आलेस्सांद्रो व्हाल्लेबोना आणि नेदर्लंड्समध्ये बर्नार्ड झीडसेस डेस प्लांटेस यांनी स्वतंत्रपणे हा उपाय मांडला. यात क्ष-किरण नलिका व फिल्म परस्परांच्या विरुद्ध दिशांना एकाच वेळी हलविली जातात. त्यामुळे शरीरातील एका ठराविक पातळीवरील भाग स्पष्ट उमटतो व त्याच्या वरखालचे भाग पुसट होतात. फुप्फुसातील क्षयाच्या पोकळ्या शोधण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडली. मात्र नको असलेले थर यात फक्त पुसट होत, ते चित्रातून नाहीसे होत नसत. मऊ ऊतकांतील फरक तर या पद्धतीनेही दिसत नसे.

मेंदूच्या बाबतीत ही उणीव फार महागात पडत असे. कवटीचे हाड क्ष-किरण मोठ्या प्रमाणावर शोषून घेते आणि तिच्या आतील मेंदू, मस्तिष्क-मेरुद्रव व अर्बुद यांच्या शोषणात नाममात्र फरक असतो. यावर उपाय म्हणून अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये कवटीला छिद्र पाडून मेंदूतील विवरांत हवा भरण्याची पद्धत सुरू केली. पुढील वर्षी त्यांनी कमरेजवळ पाठीच्या कण्यात सुई घालून तीमधून हवा सोडण्याची पद्धत वर्णिली. हवेने भरलेली विवरे चित्रात दिसत आणि त्यांचा आकार एका बाजूस सरकलेला असल्यास तेथे अर्बुद असावे, असे अनुमान करता येई. पोर्तुगीज तंत्रिकातज्ञ एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रोहिण्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडून त्यांचे चित्रण केले. दोन्ही तपासण्या रुग्णाला अत्यंत क्लेशकारक होत्या. हवा भरल्यानंतर तीव्र डोकेदुखी व वांत्या होत आणि तपासणीमुळेच रुग्ण दगावण्याचा धोकाही असे. एवढे सोसूनही जे हाती येई ते अर्बुदाचे चित्र नसे. त्याच्या शेजारच्या भागांत झालेल्या बदलांवरून बांधलेला तो एक तर्क असे. सु. पन्नास वर्षे मेंदूवरील शस्त्रक्रिया अशा तर्कांच्या आधारेच होत होत्या.

मूलभूत तत्त्व : एखाद्या पदार्थातून जाताना क्ष-किरणांची तीव्रता घातीय नियमाने घटते. पदार्थाची ही तीव्रता घटविण्याची क्षमता क्षीणन गुणांकाने व्यक्त करतात. मूळ तीव्रता व पलीकडे पोहोचलेली तीव्रता यांच्या गुणोत्तराचा लॉगरिथम घेतला असता त्या वाटेवरील सर्व बिंदूंच्या क्षीणन गुणांकांची बेरीज मिळते. एका दिशेने मिळालेल्या बेरजेवरून तिची पदे शोधता येत नाहीत. पण त्याच छेदातून अनेक दिशांनी बेरजा घेतल्यास ती शोधता येतात.

हे तत्त्व एका सोप्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. चार घरांच्या एका चौकटीत वरच्या ओळीत २ व ३ आणि खालच्या ओळीत ४ व १ हे अंक झाकून ठेवले आहेत, असे समजा. आडव्या बेरजा ५ व ५, तर उभ्या बेरजा ६ व ४ येतात. केवळ या चार बेरजांवरून अंक निश्चित होत नाहीत. कारण वर ३ व २ आणि खाली ३ व २ असे अंक असले, तरी त्याच बेरजा मिळतात. मात्र वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंतची तिरपी बेरीज ३ आहे, एवढे आणखी कळले की एकच उत्तर शिल्लक राहते. छेदचित्रणात घरांची संख्या हजारो असते. त्यामुळे बेरजाही हजारो घ्याव्या लागतात आणि दिशाही पुष्कळ लागतात. एवढे आकडे हाताने सोडविणे व्यवहार्य नसल्याने संगणक हा या तंत्राचा अविभाज्य भाग ठरतो.

गणितीय पूर्वपीठिका : ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडॉन (१८८७–१९५६) यांनी १९१७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रतलातील एखाद्या फलाची सर्व सरळ रेषांवरील समाकल मूल्ये माहीत असतील, तर ते फल पूर्णपणे निश्चित करता येते, असे त्यांनी त्यात सिद्ध केले आणि त्यासाठी सूत्रही दिले. लाइपसिक येथील सॅक्सन अकादमीच्या अहवालात जर्मन भाषेत आलेला हा निबंध शुद्ध गणिताचा होता आणि त्याच्या व्यावहारिक उपयोगाचा प्रश्न त्यात उपस्थितच झाला नव्हता. वैद्यकाला ज्या सूत्राची गरज होती ते अशा प्रकारे तयार झाले. परंतु ज्यांना त्याची गरज होती, त्यांच्या वाचनात ते आले नाही. पुढे रेडिओ ज्योतिषशास्त्र, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन इ. शाखांतील संशोधकांना हाच प्रश्न पडला व बहुतेकांनी तो आपापल्या परीने नव्याने सोडविला.

कॉर्मक यांचे कार्य : ॲलन मॅक्लिऑड कॉर्मक (१९२४–९८) हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील भौतिकीविज्ञ. ते केपटाउन विद्यापीठात अध्यापक असताना तेथील ग्रूट स्कूर रुग्णालयातील भौतिकीविज्ञाची जागा रिकामी झाली. किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या वापरावर भौतिकीविज्ञाची देखरेख असणे कायद्याने आवश्यक असल्यामुळे १९५६ च्या पूर्वार्धात आठवड्यातून दीड दिवस हे काम कॉर्मक यांच्याकडे आले. कर्करोगावरील प्रारण चिकित्सेत रुग्णाला द्यावयाच्या मात्रेची आखणी संपूर्ण शरीर एकजिनसी आहे असे मानून केली जाते, हे त्यांच्या तेथे लक्षात आले. हाड, स्नायू व फुप्फुस यांचे शोषण भिन्न असल्याने ही आखणी चुकीची ठरणार, हे उघड होते. म्हणून शरीराच्या आतील शोषण बाहेरून घेतलेल्या मोजमापांवरून कसे काढावे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यांचा मूळ हेतू उपचाराची मात्रा अचूक ठरविण्याचा होता. रोगनिदानासाठी चित्र मिळविणे हा विचार त्यानंतर आला.

कॉर्मक यांनी आवश्यक ते गणित स्वतः रचले आणि १९५७ मध्ये केपटाउन येथे त्याची चाचणी घेतली. त्यासाठी त्यांनी मध्यभागी ॲल्युमिनियम व त्याभोवती ओक लाकडाचे कडे असलेली २० सेंमी. व्यासाची चकती घेतली आणि तिच्यातून कोबाल्ट–६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांची शलाका पाठविली. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आले. फक्त चकतीच्या केंद्रापाशी शोषण किंचित कमी आढळले. चौकशी केली असता चकती बनविणाऱ्या कारागिरांनी मध्यभागी शुद्ध ॲल्युमिनियमची एक बारीक खुंटी बसविली होती व भोवतालचे ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या स्वरूपातील होते, असे उघडकीस आले. चकतीत काय आहे हे खुद्द प्रयोगकर्त्यालाही माहीत नव्हते; ते गणिताने दाखवून दिले. या पद्धतीच्या सामर्थ्याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण होते.

कॉर्मक त्याच वर्षी अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात गेले व इतर संशोधन करीत असता उरलेल्या वेळात त्यांनी हे काम चालू ठेवले. त्यांचे दोन निबंध १९६३ व १९६४ मध्ये जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांना जवळजवळ कोणताच प्रतिसाद मिळाला नाही. निबंधाची प्रत मागविणाऱ्यांमध्ये स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणारे केंद्र होते. डोंगरावरील बर्फाच्या थरांचा अंदाज घेण्यासाठी ही रीत उपयोगी पडेल की काय, हा त्या केंद्राचा प्रश्न होता. राडॉन यांनी हेच गणित १९१७ मध्ये सोडविले होते, ही गोष्ट कॉर्मक यांना त्यांनी काम सुरू केल्यावर सु. १४ वर्षांनी समजली.

ओल्डेनडॉर्फ यांचा प्रयोग : लॉस अँजेल्स येथील तंत्रिकातज्ञ विल्यम ओल्डेनडॉर्फ (१९२५–९२) हे स्वतः रुग्णांच्या मेंदूत हवा भरण्याच्या तपासण्या करीत असत आणि त्यातील यातनांमुळे ते अस्वस्थ होते. त्यांनी १९६१ मध्ये एका छोट्या ठोकळ्यात लोखंड व ॲल्युमिनियम यांचे खिळे ठोकून त्यांच्याभोवती खिळ्यांचेच एक कडे उभे केले. हे कडे म्हणजे जणू कवटी होती. हा ठोकळा ध्वनिमुद्रिका वाजविण्याच्या यंत्राच्या तबकडीवर फिरत असे आणि त्याच वेळी खेळण्यातील आगगाडीच्या रुळांवरून तो सावकाश पुढे सरकत असे. किरणोत्सर्गी आयोडिनापासून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या शलाकेने कड्याच्या आतील खिळ्यांच्या जागा ओळखता येतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांना १९६३ मध्ये एकस्वही मिळाले. परंतु ज्या यंत्रनिर्मात्या कंपनीकडे त्यांनी ही कल्पना नेली, तिने अशा खर्चिक उपकरणाला फारशी बाजारपेठ मिळणार नाही, असे कळवून नकार दिला. उपलब्ध साधनांनी संपूर्ण प्रतिमेची गणना करणेही ओल्डेनडॉर्फ यांना शक्य झाले नाही. याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड कूल यांनी किरणोत्सर्गी द्रव्ये वापरून छेद मिळविण्याचे प्रयोग केले, तर कीव्ह येथील संशोधकांनी १९५८ च्या सुमारास क्ष-किरण छेदचित्रणाची गणितीय योजना मांडली. यांपैकी बहुतेकांना एकमेकांच्या कार्याची कल्पना नव्हती.

हौन्सफील्ड व पहिले यंत्र : गॉडफ्री न्यूबोल्ड हौन्सफील्ड (१९१९–२००४) यांचा जन्म इंग्लंडमधील नॉटिंगॅमशर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात रडारविषयक काम केले. नंतर विद्युत् अभियांत्रिकीतील पदविका घेऊन १९५१ मध्ये ते ईएमआय या कंपनीत दाखल झाले. ट्रँझिस्टरांवर चालणाऱ्या ब्रिटनमधील सुरुवातीच्या संगणकांपैकी एकाच्या अभिकल्पाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. संगणकाकडून आकृत्या कशा ओळखून घ्याव्यात याचा विचार करीत असता १९६७ मध्ये त्यांना पुढील कल्पना सुचली : बंद पेटीतून सर्व दिशांनी किरण पाठवून घेतलेल्या मोजमापांवरून पेटीत काय आहे हे सांगता आले पाहिजे. राडॉन अथवा कॉर्मक यांचे निबंध त्यांच्यासमोर नव्हते. मात्र क्ष-किरण फिल्मवर बरीचशी माहिती वाया जाते आणि अभिज्ञातकाने थेट मोजमाप केल्यास मऊ ऊतकांतील सूक्ष्म फरक हाती लागतील, असा हिशेब त्यांनी मांडला. त्यांच्या पूर्वसूरींपेक्षा त्यांचे वेगळेपण येथेच दिसून येते. प्रतिमा मिळविता येते, याबरोबरच ती वैद्याच्या उपयोगाची ठरेल इतकी अचूक असेल, हेही त्यांनी आरंभीच आकड्यांनी दाखविले.

पहिला प्रायोगिक संच लेथ यंत्राच्या जुन्या सांगाड्यावर उभारलेला होता. त्यात अमेरिसियम या मूलद्रव्यापासून निघणारे गॅमा किरण वापरले होते. उद्गम दुर्बल असल्याने एका वस्तूची २८,००० मोजमापे घेण्यास नऊ दिवस व त्यांवरून प्रतिमेची गणना करण्यास संगणकाला अडीच तास लागले. गॅमा उद्गमाऐवजी क्ष-किरण नलिका बसविल्यावर मोजमापांचा काळ नऊ तासांवर आला. फॉर्मॅलिनामध्ये जतन केलेल्या मानवी मेंदूच्या छेदात करडा व पांढरा भाग वेगळे दिसले तेव्हा प्रयोगशाळेत मोठा आनंद झाला. पण फॉर्मॅलिनामुळे हा फरक वाजवीपेक्षा अधिक दिसत असल्याचे नंतर ध्यानात आले. म्हणून बैलाच्या ताज्या मेंदूवर प्रयोग पुन्हा करण्यात आले. फरक कमी झाला तरी तो नाहीसा झाला नाही आणि पद्धतीची विश्वसनीयता सिद्ध झाली.

ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या साहाय्याने पहिले वैद्यकीय यंत्र लंडनमधील विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात बसविण्यात आले. जेम्स ॲम्ब्रोझ हे तेथील क्ष-किरणवैद्यकाचे तज्ञ होते. यंत्रात रुग्णाचे डोके पाण्याने वेढलेल्या रबरी टोपीत ठेवीत. क्ष-किरण नलिका व तिच्या समोरचा अभिज्ञातक डोक्याच्या दोन बाजूंनी सरळ रेषेत सरकत १६० मोजमापे घेत. नंतर संपूर्ण चौकट एक अंशाने फिरे व तीच क्रिया पुन्हा होई. अशा १८० स्थितींत मिळून २८,८०० मोजमापे होत आणि त्यांवरून ८० × ८० म्हणजे ६,४०० चित्रघटकांची प्रतिमा तयार करण्यात येई. या सर्व क्रियेस सु. साडेचार ते पाच मिनिटे लागत.

पहिली रुग्ण-तपासणी १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाली. रुग्ण महिलेच्या मेंदूच्या ललाट खंडात अर्बुद असल्याचा संशय होता. मोजमापांची चुंबकीय फीत गणनेसाठी ईएमआयच्या संगणकाकडे पाठविण्यात आली. तयार होऊन आलेल्या चित्रात डाव्या ललाट खंडात एक गोलाकार, द्रवयुक्त विकृती स्पष्ट दिसत होती व पुढे शस्त्रक्रियेत ती त्याच जागी आढळली. कवटीतील विकृती तिच्या परिणामांवरून अनुमानाने न ओळखता प्रत्यक्ष तिच्याच स्वरूपात दिसण्याची ही पहिली वेळ होती. हौन्सफील्ड व ॲम्ब्रोझ यांनी एप्रिल १९७२ मध्ये ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ रेडिऑलॉजीच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले. पुढील वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिक व मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटल या संस्थांत अशी यंत्रे आली. थोड्याच वर्षांत मेंदूत हवा भरण्याची तपासणी व्यवहारातून बाद झाली.

हौन्सफील्ड मापप्रमाण : प्रत्येक चित्रघटकाचा क्षीणन गुणांक पाण्याच्या तुलनेत सांगण्याची पद्धत आहे. पाण्याचे मूल्य ० व हवेचे –१,००० मानतात. या मापप्रमाणावर चरबी सु. –१००, मेंदूचा करडा भाग सु. +३५ ते +४०, नुकतेच गोठलेले रक्त सु. +५० ते +८० आणि घट्ट हाड +१,००० किंवा त्याहून अधिक येते. या एककास हौन्सफील्ड यांचे नाव देण्यात आले आहे. एवढ्या मोठ्या पल्ल्यातील सर्व छटा डोळ्याला एकाच वेळी ओळखता येत नसल्याने आवश्यक तेवढा अरुंद पल्ला निवडून तो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवून दाखवितात. त्यामुळे एकाच तपासणीतून हाडाचे, फुप्फुसाचे व मऊ ऊतकांचे चित्र स्वतंत्रपणे पाहता येते.

प्रतिमा-पुनर्रचनेच्या पद्धती : हौन्सफील्ड यांनी प्रथम पुनरावृत्तीची बैजिक रीत वापरली. तीत प्रतिमेचा एक अंदाज घेऊन त्यावरून येणाऱ्या बेरजा प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहतात व फरक मिटेपर्यंत अंदाज सुधारीत जातात. ही रीत तत्कालीन संगणकांना जड जात असे. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक मोजमाप ज्या वाटेने आले त्याच वाटेवर परत पसरविणे. परंतु तसे केल्याने प्रत्येक बिंदूभोवती तारकेसारखी धूसर छटा उमटते. ती टाळण्यासाठी पसरविण्यापूर्वीच प्रत्येक मोजमापाच्या दोन्ही बाजूंना योग्य प्रमाणात ऋण मूल्ये जोडून शुद्धीकरण करतात. म्हणजे पसरविल्यावर नको असलेली धूसरता आपोआप वजा होते.

या शुद्धीकरणाची सुटसुटीत रीत भारतीय वैज्ञानिक गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन (१९२२–२००१) व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी दिली. कोलॅजेन या प्रथिनाच्या संरचनेवरील कार्यामुळे रामचंद्रन त्यापूर्वीच ख्यातनाम झाले होते आणि बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आण्विक जीवभौतिकीचा विभाग उभारला होता. त्या काळी प्रचलित असलेली फूर्ये रूपांतराची लांबलचक गणना टाळून हेच उत्तर कमी आकडेमोडीत व अधिक अचूक रीतीने मिळते, असे त्यांनी दाखविले. त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात सप्टेंबर १९७१ मध्ये, म्हणजे विंबल्डन येथील पहिल्या तपासणीच्या आदल्याच महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यात क्ष-किरण चित्रांबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या चित्रांचाही विचार केलेला होता. या रीतीत प्रत्येक दिशेचे मोजमाप हाती येताच त्यावर संस्करण करता येत असल्यामुळे तपासणी संपते न संपते तोच चित्र तयार होऊ लागले. दोघांच्या आडनावांवरून ‘राम-लॅक’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे त्यांचे शुद्धीकरण फल या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाले आहे. पुढे संगणकांची क्षमता वाढल्यावर, २००९ च्या सुमारापासून, पुनरावृत्तीच्या रीती सुधारित रूपात पुन्हा प्रचारात आल्या. त्यांच्या योगे कमी प्रारणातही स्वच्छ प्रतिमा मिळते.

नोबेल पारितोषिक व आर्थिक बाजू : हौन्सफील्ड व ओल्डेनडॉर्फ यांना १९७५ मध्ये लास्कर पारितोषिक विभागून मिळाले. वैद्यकाचे १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉर्मक व हौन्सफील्ड यांना देण्यात आले. त्यात ओल्डेनडॉर्फ यांचा समावेश नव्हता. पारितोषिक मिळविणाऱ्या दोघांपैकी एकही वैद्य नव्हता आणि कोणाकडेही डॉक्टरेट पदवी नव्हती. ईएमआय ही कंपनी ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असल्याने या संशोधनाचा खर्च बीटल्स या वाद्यवृंदाच्या उत्पन्नातून भागला, अशी आख्यायिका रूढ आहे. तथापि उपलब्ध हिशेबांच्या अभ्यासावरून ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा वाटा कंपनीच्या वाट्याहून बराच मोठा होता, असे दिसते. म्हणजेच हे यंत्र बऱ्याच अंशी सार्वजनिक पैशातून निर्माण झाले. क्ष-किरण यंत्रे बनविणाऱ्या जुन्या कंपन्या या क्षेत्रात उतरताच ईएमआयला स्पर्धेत टिकाव धरता आला नाही. १९७९ मध्ये ती थॉर्न या कंपनीत विलीन झाली आणि त्यानंतर लवकरच छेदचित्रण यंत्रांच्या व्यवसायातून बाहेर पडली.

यंत्रांची उत्क्रांती : पहिल्या पिढीच्या यंत्रातील पाच मिनिटांचा अवधी स्थिर राहू शकणाऱ्या डोक्यापुरता पुरेसा होता; श्वासाबरोबर हलणाऱ्या छातीसाठी व उदरासाठी तो फार होता. रॉबर्ट लेडली यांनी अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात १९७४ मध्ये संपूर्ण शरीराची तपासणी करू शकणारे पहिले यंत्र तयार केले व त्यातून डोक्याभोवतीची पाण्याची टोपीही वगळली. दुसऱ्या पिढीत एकाऐवजी अनेक अभिज्ञातक बसवून तपासणीचा काळ सु. २० सेकंदांपर्यंत आणण्यात आला. तिसऱ्या पिढीत पंख्याच्या आकाराची रुंद शलाका संपूर्ण शरीर व्यापते व तिच्यासमोरची शेकडो अभिज्ञातकांची कमान नलिकेबरोबरच फिरते; यात सरकण्याची क्रिया उरत नाही व काही सेकंदांत छेद मिळतो. चौथ्या पिढीत अभिज्ञातकांचे पूर्ण कडे स्थिर असते व केवळ नलिका फिरते. यांपैकी तिसऱ्या पिढीची रचना पुढे सर्वत्र रूढ झाली.

या यंत्रांत नलिकेला वीज पुरविणाऱ्या केबली गुंडाळल्या जात असल्याने प्रत्येक फेरीनंतर थांबून उलट फिरावे लागे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात घसरत्या स्पर्शाने वीज पुरविणारी धातूची कडी वापरात आली व नलिका सलग फिरू लागली. या सोयीचा लाभ घेऊन नलिका फिरत असतानाच रुग्णाचे मेज सावकाश पुढे सरकविण्याची मळसूत्राकार पद्धत जर्मन भौतिकीविज्ञ विली कालेंडर व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये मांडली. तिच्यामुळे सुटे छेद घेण्याऐवजी एका श्वासात शरीराच्या पूर्ण भागाची मोजमापे घेणे शक्य झाले. १९९८ मध्ये एका फेरीत चार छेद घेणारी व २००४ च्या सुमारास ६४ छेद घेणारी यंत्रे आली. फेरीचा काळ अर्ध्या सेकंदाच्याही खाली गेल्याने धडधडत्या हृदयाच्या रोहिण्यांचे चित्रण करता येऊ लागले. क्ष-किरणाचा प्रत्येक फोटॉन स्वतंत्रपणे मोजणारी यंत्रे २०२१ पासून रुग्णसेवेत आली आहेत.

उपयोग : डोक्याला झालेली इजा, अंतर्गत रक्तस्राव, फुप्फुस व उदर यांतील अर्बुदे, मूत्रमार्गातील खडे, गुंतागुंतीचे अस्थिभंग इ. विकारांच्या निदानासाठी हे तंत्र वापरतात. रक्तवाहिन्या व अर्बुदे ठळक दिसावीत म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देतात. मूत्रपिंडाचे विकार वा अधिहर्षता असलेल्या रुग्णांत ते देताना काळजी घ्यावी लागते. पक्षाघाताच्या बाबतीत या तपासणीचे महत्त्व विशेष आहे. मेंदूतील रोहिणी गाठीमुळे बंद झाली असल्यास गाठ विरघळविणारे औषध पहिल्या काही तासांत उपयोगी पडते. परंतु रोहिणी फुटून रक्तस्राव झाला असल्यास तेच औषध प्राणघातक ठरते. दोन्ही रुग्णांची बाह्य लक्षणे सारखीच असू शकतात. ताज्या रक्ताचे हौन्सफील्ड मूल्य मेंदूपेक्षा जास्त असल्याने छेदचित्रात ते पांढरे दिसते व काही मिनिटांत निर्णय घेता येतो. कॉर्मक यांनी ज्या हेतूने काम सुरू केले होते तोही कालांतराने साध्य झाला. कर्करोगावरील प्रारण चिकित्सेची आखणी छेदचित्रांच्या आधारे केली जाते.

प्रारण मात्रा व मर्यादा : छेदचित्रणात रुग्णाला मिळणारी प्रारण मात्रा साध्या क्ष-किरण चित्रापेक्षा पुष्कळ जास्त असते. छातीच्या साध्या चित्राची परिणामी मात्रा ०·१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. डोक्याच्या छेदचित्रणाची सु. २, तर उदराच्या छेदचित्रणाची सु. ५ ते १० मिलिसीव्हर्ट असते. नैसर्गिक उद्गमांपासून माणसाला वर्षभरात मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने सु. २·४ मिलिसीव्हर्ट आहे. लहानपणी छेदचित्रण झालेल्या सु. १,८०,००० व्यक्तींचा ब्रिटनमधील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्ताचा कर्करोग व मेंदूतील अर्बुदे यांच्या प्रमाणात थोडी वाढ आढळली. दहा वर्षांखालील १०,००० मुलांच्या डोक्याचे एकेकदा छेदचित्रण केले, तर पुढील दहा वर्षांत दोन्ही विकारांचा साधारणतः प्रत्येकी एक जादा रुग्ण आढळेल, असा अंदाज त्यात मांडला आहे. आवश्यक असलेली तपासणी टाळावी असा याचा अर्थ होत नाही. मात्र अनावश्यक तपासणी करू नये आणि मुलांसाठी मात्रा त्यांच्या शरीराच्या आकारमानानुसार कमी करावी, हे यावरून स्पष्ट होते. भारतात अशा यंत्रांच्या वापरावर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या व मुंबई येथे मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असून यंत्र चालविण्यास मंडळाची अनुज्ञप्ती लागते. पाठीचा कणा, सांधे व मेंदूचे काही विकार यांच्याबाबत चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन अधिक सरस ठरते आणि त्यात क्ष-किरणांचा वापर नसतो. परंतु तपासणीस वेळ अधिक लागत असल्याने तातडीच्या प्रसंगी छेदचित्रणच प्रथम केले जाते.

छेदचित्रणाचे गणित १९१७ मध्ये, प्रयोगाने केलेली सिद्धता १९५७ मध्ये आणि प्रतिकृतीवरील प्रात्यक्षिक १९६१ मध्ये उपलब्ध होते. रुग्णाच्या उपयोगी पडणारे यंत्र मात्र १९७१ मध्ये तयार झाले. पुरेशा वेगाचे संगणक तोपर्यंत नव्हते, हे या विलंबाचे एक कारण होय. गणितज्ञ, भौतिकीविज्ञ व वैद्य यांना परस्परांचे प्रश्न ठाऊक नव्हते, हे दुसरे व तितकेच महत्त्वाचे कारण होय. मधल्या काळात मेंदूत हवा भरण्याची तपासणी सोसावी लागलेल्या असंख्य रुग्णांना या विलंबाची किंमत मोजावी लागली.